पोपट चावतो, त्याआधी त्याने काय काय सांगून झालेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका ताईंकडे दीड वर्षाचा सन कॉन्युअर जातीचा छोटा परदेशी पोपट आहे, नाव मँगो. आणला तेव्हा हातावर वाढवलेलं पिल्लू, दुकानदाराच्या भाषेत ‘फुल टेम’, म्हणजे पूर्ण माणसाळलेलं. खांद्यावर बसून पोळीचा तुकडा खायचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत पिंजऱ्यात हात घातला की चावतो, आणि रात्री आत ठेवताना तर रक्तच काढतो. शेजारच्यांनी चोचीवर टिचकी मारायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, पंख कापून घ्या आणि जाड हातमोजे वापरा. दहा वर्षांची मुलगी आता त्याच्या जवळ जायला घाबरते. ताईंनी विचारलंय: त्याचा आमच्यावरचा विश्वास कायमचा गेला का, तो परत कसा मिळवायचा, आणि जोडीला दुसरा पक्षी आणला तर फरक पडेल का? सोबत मँगोला पिंजऱ्यातून बाहेर काढतानाचा एक छोटा व्हिडिओ आहे.

ताई, आधी व्हिडिओबद्दलच बोलते. ‘बघा, अचानक कसा चावतो’ असं लिहून तुम्ही तो पाठवलात. मी आवाज बंद करून, वेग कमी करून पाहिला. त्यात अचानक असं काही नाही.

दार उघडतं तेव्हा मँगो दांडीच्या मधोमध बसून काहीतरी कुरतडतोय. तुमचा हात आत येतो, मनगटावर घड्याळ, पुढे बांगड्या. पहिल्यांदा त्याचं कुरतडणं थांबतं. मग अंगावरची पिसं चापून बसतात आणि तो एकदम बारीक दिसायला लागतो. एक पाय मागे सरकतो, मग दुसरा, असं करत तो दांडीच्या टोकाला जातो. तिथे जाळी लागते, पुढे जागा नाही. मान उंच करून तो तुमच्या हाताकडे एका डोळ्याने बघत राहतो. तुम्ही लाडाने ‘ये, स्टेप अप, स्टेप अप’, म्हणजे बोटावर चढ, म्हणताय आणि बोट त्याच्या पोटाला लावताय. तो चोच उघडून बोटाला नुसती टेकवतो, दाबत नाही. बोट हलत नाही. मग शेपूट पंख्यासारखी पसरते, बुबुळं भराभर लहान-मोठी होतात, आणि मग तो चावतो. हात झटक्यात बाहेर, दार बंद.

म्हणजे चावण्याआधी त्याने निदान पाच-सहा वेळा ‘नको’ म्हटलं. त्यातलं एकही चाललं नाही. चावल्यावर मात्र हात क्षणात गेला. रिक्षावाल्याला आपण दोनदा हळू आवाजात ‘थांबा’ म्हणतो, तो थांबत नाही, तिसऱ्यांदा ओरडतो तेव्हा ब्रेक लागतो. दुसऱ्या दिवशी आपण पहिल्यापासूनच ओरडतो. मँगोचं तेच चाललंय. अजून महिनाभर असंच चाललं तर तो मधल्या पायऱ्या गाळून थेट चावायला लागेल, आणि मग तुमचं ‘अचानक चावतो’ हे वाक्य खरं होईल.

विश्वास परत मिळवणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच: त्याचा बारीक नकार तुम्हाला ऐकू येतो आणि तुम्ही तो मानता, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. मग चावायची गरजच उरत नाही. कायमचा काही गेलेला नाही. व्हिडिओत तो अजून सगळ्या पायऱ्या दाखवतोय, ही चांगली खूण आहे. जे पक्षी कुठलीच सूचना न देता चावतात त्यांच्यावर जास्त काम करावं लागतं.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटावर 1977 पासून, तो 2007 मध्ये मरेपर्यंत, तीस वर्षं काम केलं. रंग, आकार, आकडे यांच्या चाचण्यांनी कंटाळला की तो इंग्रजीत सांगायचा, परत जायचंय. मँगोकडे ते शब्द नाहीत. पण पाय मागे सरकला त्याचा अर्थ तोच आहे.

आता, ‘आधी इतका छान होता, मग बिघडला कसा?’ पिल्लू हातावर वाढतं तेव्हा ते शांत असतं, कारण त्याला खायला तोच हात देतो आणि नकार द्यायची ताकद अजून आलेली नसते. ‘फुल टेम’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा हेच असतं, शिकवलेलं त्यात फारसं काही नसतं. सन कॉन्युअर दीड-दोन वर्षांच्या सुमारास वयात येतो. त्याला मतं येतात, जागा आपली वाटायला लागते. हा काही कुत्र्यासारखा हजारो वर्षं माणसाबरोबर राहिलेला प्राणी नव्हे. गयाना आणि उत्तर ब्राझीलमधला हा थव्याने राहणारा जंगली पक्षी आहे, पिंजऱ्यात त्याच्या थोड्याच पिढ्या झाल्यात. त्यात तो शिकार होणाऱ्यांपैकी. वरून किंवा मागून काही आलं की त्याचं शरीर आधी घाबरतं, विचार नंतर.

तरीही शिकवणीच्या आधी एक काम करा: पक्षी तपासणारे डॉक्टर गाठा. प्रत्येक प्राण्यांचे डॉक्टर पक्षी बघतातच असं नाही, म्हणून फोनवर आधी विचारून घ्या. दोन-तीन महिन्यांत वागणं बदललं तर दुखणं असू शकतं, आणि पोपट दुखणं लपवण्यात पटाईत. घरी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा असेल तर रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. सन कॉन्युअर साधारण 100 ते 120 ग्रॅमचा असतो. एखाद्या दिवशी दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर काही नाही, पण दहा-बारा ग्रॅम उतरलं तर थांबू नका. पिसं फुगवून दिवसा झोपणं, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणं, शिटेचा रंग किंवा पातळपणा बदलणं, यातलं काही दिसलं तर चावण्याचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. पिसं गळून नवी येण्याचा काळ असेल तर डोक्यावर, मानेवर बारीक काटे दिसतील, म्हणजे उगवत्या पिसांच्या नळ्या. त्या नळ्यांत रक्त असतं, दाबलं की दुखतं. नेहमी मान खाजवून घेणारा पक्षी त्या दिवसांत चावला तर त्यात त्याची चूक नाही.

मग घरातल्या सवयी. वयात आलेल्या पोपटाला आपण नकळत किती पेटवत असतो याचा लोकांना अंदाज नसतो. तुम्ही लिहिलंय की मँगो संध्याकाळी मांडीवर बसतो, तुम्ही पाठीवरून हात फिरवता आणि तो ‘एकदम प्रेमात येतो’. पाठ, पंखांखालचा भाग आणि शेपटीचं मूळ हे जोडीदाराने हात लावायचे भाग आहेत. तो प्रेमात येतो हे तुम्ही बरोबरच ओळखलंय, पण मग घरातला दुसरा माणूस जवळ आला की त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. यापुढे फक्त डोकं आणि मान, तेही त्याने स्वतः मान खाली घातली तर. पिंजऱ्यात मडकं, कापडी झोपडी, पुठ्ठ्याचं खोकं काहीही असेल तर काढा. दुकानदार ‘झोपायला’ म्हणून देतात, पण पक्ष्याच्या लेखी ते घरटं, आणि घरट्याची राखण चोचीनेच होते. सोफ्याखाली, कपाटाच्या कोपऱ्यात, ब्लँकेटखाली शिरू देऊ नका. कोमट वरणभात बोटाने भरवणं बंद करा. मऊ, कोमट घास तोंडात देणं म्हणजे त्यांच्यात नवरा-बायकोचं भरवणं. भात खायचाच तर गार करून, त्याच्या वाटीत.

आणि झोप. तुमचा पिंजरा हॉलमध्ये आहे, टीव्ही अकरापर्यंत चालतो आणि सकाळी साडेपाचला डब्यासाठी दिवे लागतात. म्हणजे झोप जेमतेम साडेसहा तास. हा पक्षी विषुववृत्ताजवळचा, त्याच्या मुलखात वर्षभर जवळपास बारा तास अंधार असतो. दहा ते बारा तास शांत, अंधारी जागा हवी. झोपण्यापुरता छोटा पिंजरा बेडरूममध्ये ठेवता आला तर उत्तम. दिवस लांबलचक आणि झोप कमी, हे वयात आलेल्या पोपटासाठी सगळ्यात वाईट मिश्रण. कित्येक घरांत एवढी एकच गोष्ट सुधारल्यावर चावणं निम्मं झालेलं मी पाहिलंय.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा, चारही बाजूंनी मोकळा ठेवू नका. उंची आपल्या छातीएवढी. स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉन-स्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत जातो, आणि धूप-अगरबत्ती, मच्छर कॉइल यांचा धूर रोज छातीत गेला तर तोही त्रासाचाच.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, बोटावर असताना हात जोरात हलवणं, ओरडणं, काळं कापड टाकणं: यातलं काहीही करू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की हात आला की वाईट घडतं. ओरडण्याची तर काहींना मजाच वाटते. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला आरडाओरडा म्हणजे गप्पा.

हातमोजे मला सगळ्यात नावडतात. त्याला ते मोठं, वास वेगळा असलेलं, बोटं न दिसणारं काहीतरी वाटतं, ही एक गोष्ट. त्याहून वाईट म्हणजे मोजा घातल्यावर माणूस त्याचं ऐकणंच सोडून देतो, कारण दुखत नाही. आणि ‘चावू दे, हात मागे घेऊ नका, मालक कोण ते कळलं पाहिजे’ हा सल्ला त्याच जातीचा. चोच थव्यात हुकूम मानायला लावण्याचं हत्यार नाही. पोपटाला मालक ही कल्पनाच माहीत नसते.

पंख कापण्याबद्दल लोकांचं म्हणणं असतं की घरात सीलिंग फॅन आहे, पक्षी मरेल. फॅनची भीती खरी आहे, मी तसे अपघात पाहिलेत. पण त्याचा उपाय फॅनचं बटण आहे. मँगो बाहेर असताना फॅन बंद, बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे सवयीने कुणी लावणार नाही. खिडक्यांना जाळी. चावणाऱ्या पोपटाचे पंख कापले की त्याचा पळून जाण्याचा मार्ग जातो आणि चोच एवढंच उरतं. उडता येणारा पक्षी नको असेल तेव्हा उडून कपाटावर बसतो. मला ते चावण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

प्रत्यक्ष कामाकडे येते.

पहिले दोन आठवडे पिंजऱ्यात तो असताना हात घालायचा नाही. एकदाही नाही. वाट्या बाहेरून बदलता येत असतील तर तशा बदला. आपल्याकडच्या बऱ्याच पिंजऱ्यांना एकच दार असतं. मग तो बाहेर असताना वाट्या आणि खालचा कागद बदला. सकाळी दार उघडून बाजूला व्हायचं, त्याला यायचं तर तो येईल.

त्याच्या रोजच्या मिश्रणातून सूर्यफुलाच्या बिया आणि करडई काढून घ्या. हे आता फक्त तुमच्या हातून मिळेल. जेवण मात्र पोटभर असू द्या: पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), भाज्या, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, कोथिंबीर. मिरची हवी तेवढी खाऊ द्या, पक्ष्यांना तिखट जाणवत नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि खारट फरसाण नाही. उपाशी ठेवून शिकवायचं नाही, सकाळच्या जेवणाआधीची भूक पुरते. त्याला सगळ्यात काय आवडतं हे ठरवायला एका बशीत करडई, सूर्यफूल, डाळिंबाचा दाणा, अक्रोडाचा कण आणि पेरूचा तुकडा ठेवा. जे आधी उचलेल ते शिकवणीचं चलन.

मग अंतर शोधा. दुरून पिंजऱ्याकडे हळूहळू चालत या आणि त्याचं कुरतडणं किंवा पिसं साफ करणं कुठे थांबतं ते बघा. ती तुमची सीमा. समजा हात जाळीपासून फूटभर आला की तो थिजतो. मग दीड फुटावर थांबा. तो पुन्हा मोकळा झाला, म्हणजे पिसं सैल पडली, अंग झटकलं, चोच दांडीला घासली, की बाहेरच्या छोट्या वाटीत एक दाणा टाका आणि निघून जा. निघून जाणं महत्त्वाचं आहे. शांत राहिलं तरी हात जातो, हे त्याला यातून कळतं. येता-जाता दिवसातून अनेकदा करा, प्रत्येक वेळी दहा सेकंदांचं काम.

बांगड्या, घड्याळ, अंगठ्या काढून करा. नाशिकच्या एका घरात कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट होता, मालकिणीच्या हातावर रोज बसणारा. घरात लग्न झालं, ताई कोपरापर्यंत मेंदी आणि हिरवा चुडा घेऊन पिंजऱ्यापाशी गेल्या आणि तो तुरा मागे चापून जाळीवर धडका द्यायला लागला. हात ओळखीचा, पण त्याला दिसला वेगळाच. पोपटांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनीलसुद्धा. त्या घरी आम्ही लांब दांड्याच्या चमच्याने दाणे द्यायला लागलो आणि रोज चमचा थोडा आखूड धरत गेलो. मेंदी उतरेपर्यंत तो बोटातून खायला लागला होता. चमच्याची युक्ती तुम्हालाही चालेल, बोटं चोचीपासून लांब राहतात आणि तुम्ही स्वतः घाबरत नाही. तुमचा हात थरथरला तर तो तेही टिपतो.

तो तुम्हाला बघून दांडीवर पुढे सरकायला लागला की काडी आणा. चॉपस्टिक उत्तम, किंवा बांबूची काडी टोक मोडून. जाळीबाहेरून काडीचं टोक त्याच्यापासून दोन इंचांवर धरा. बहुतेक कॉन्युअर कुतूहलाने चोच लावतातच. चोच लागली त्याच क्षणी जिभेने ‘टॉक’ असा आवाज करा किंवा क्लिकर (दाबला की ‘टक’ वाजणारी छोटी डबी) वाजवा, आणि लगेच दाणा. आवाज दर वेळी तोच, आणि आवाज झाला की दाणा द्यायचाच. तो काडी धरून चावत बसला तर ओढाओढी करू नका, सोडेपर्यंत थांबा आणि पुढच्या वेळी नुसता स्पर्श झाल्या-झाल्या ‘टॉक’. काडीला घाबरला तर काडी लांब ठेवा आणि तिच्याकडे बघितलं तरी दाणा द्या. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. तो अजून ‘दे ना’ म्हणत असतानाच थांबायचं.

दोन-चार दिवसांत तो काडीमागे दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेल. इथून सगळं सोपं होतं, कारण आता त्याला हात न लावता हवं तिथे नेता येतं. काडीने त्याला दारापर्यंत आणा, दारातून पिंजऱ्याच्या छतावर, तिथून तुम्ही धरलेल्या फांदीवर. पेरूची किंवा कडुलिंबाची, औषध न मारलेली, धुऊन वाळवलेली फांदी घ्या, हातभर लांब. फांदीवर चढणं हे स्वतंत्र कौशल्य म्हणून पक्कं करा. पुढे कधी आजारी असेल, घरात कुणी त्याच्या सवयीचं नसेल, तेव्हा हेच उपयोगी पडतं.

मगच हात. फांदी धरलेल्या हातापासून सुरुवात करा, रोज पकड थोडी त्याच्या जवळ सरकवा. नंतर नुसता हात वीतभर लांब, स्थिर, आडवा, त्याच्या पायांच्या जरा वर धरा. पोटाला लावायचा नाही. आणि थांबा. एक पाय उचलला किंवा पुढे झुकला, तर हात जवळ न्या. मागे झुकला, बारीक झाला, तोंड फिरवलं, तर ‘बरं’ म्हणून हात काढून घ्या. रुसायचं नाही, पुन्हा-पुन्हा पुढे करायचा नाही. अर्ध्या मिनिटाने एकदा परत विचारा.

इथे सगळे विचारतात, असं केलं तर तो कायमच नाही म्हणेल ना? पहिले काही दिवस म्हणतो. तुमचा ‘बरं’ खरा आहे का हे तो तपासत असतो. पण ‘नाही’ म्हटल्यावर काही मिळत नाही आणि ‘हो’ म्हटल्यावर अक्रोड मिळतो. पोपट हिशोबाला पक्के असतात.

चढताना तो चोच बोटावर टेकवेल. हे सगळ्यांत जास्त गैरसमज झालेलं वागणं. चोच हा त्याचा तिसरा हात आहे, नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी ती पक्की आहे का ते तो चोचीने बघतो. त्याच क्षणी तुम्ही घाबरून बोट मागे घेतलं तर फांदी दगा देते असं त्याला कळतं, आणि पुढच्या वेळी तो घट्ट धरतो. त्याला पुढे यायचं असेल, पाय उचललेला असेल, तेव्हाची चोच म्हणजे चाचपणी. हात स्थिर ठेवा. मागे झुकून, पिसं चापून लावलेली चोच म्हणजे नकार. हात सावकाश काढा. व्हिडिओत होती ती दुसरी.

रात्री आत ठेवण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यासाठी संध्याकाळी बोटावर चढणं म्हणजे मजा संपली, हे समीकरण पक्कं झालंय. ते मोडायचं तर संध्याकाळभर त्याला पाच-सात वेळा चढवा, दाणा द्या आणि परत सोडा. दोन-तीन वेळा पिंजऱ्यापर्यंत न्या, आत त्याच्या वाटीत काहीतरी चांगलं असू द्या, खाऊ द्या, दार उघडंच ठेवा, पुन्हा बाहेर येऊ द्या. रात्रीचं जेवण पिंजऱ्यातच द्यायचं, आणि त्यात दिवसभर न मिळालेला पदार्थ: कोवळ्या मक्याच्या कणसाचा तुकडा, मटाराची शेंग. साडेसातच्या आसपास, तो झोपेला येण्याआधी. पेंगुळलेला पोपट लहान मुलासारखाच किरकिरा होतो, तुमचे बरेचसे चावे नेमके त्याच वेळचे आहेत. आत गेला की लगेच खाडकन दार लावू नका. तो खाण्यात रमला की सावकाश लावा. टॉवेल टाकून पकडणं फक्त जीवावरच्या प्रसंगासाठी.

तरीही एखादा चावा बसेलच. हात झटकू नका, तो पडला तर ती भीती वेगळीच बसते. बोटावर असेल तर हात हळू खाली नेऊन खुर्चीच्या पाठीवर उतरवा, काही न बोलता दोन पावलं मागे व्हा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात टाकायचं नाही, पिंजरा त्याचं घर राहू द्या. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि मग वहीत तीन ओळी: आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, त्याला त्यातून काय मिळालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन फ्रीडमन यांनी ही तीन खणांची पद्धत पोपट पाळणाऱ्यांमध्ये रुजवली. वही पंधरा दिवस भरली की नमुना दिसतो. एका घरी कळलं की पोपट फक्त वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांना चावतो, आणि तेही पान उलटताना. मोठा कागद डोक्यावरून जायचा, आणि जवळ असलेला अंगठा सापडायचा.

मुलीला या कामात घ्याच, पण हात न लावता. जाळीबाहेरून काडी आणि चमच्याने दाणा. दहा वर्षांची मुलं यात मोठ्यांपेक्षा बरी निघतात, त्यांना घाई नसते आणि बारीक हालचाली दिसतात. तिला एक कामच द्या: तू सांग, मँगो कधी ‘नको’ म्हणाला. खांद्यावर मात्र इतक्यात कुणीच बसवू नका. खांद्यावर असताना त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही, आणि कान, ओठ, डोळे त्याच्या चोचीसमोर असतात. पाहुण्यांपैकी जाळीतून बोट घालून ‘मिठू मिठू’ करणारे एक काका असतातच. त्यांना सरळ नाही म्हणा, किंवा पाहुणे असेपर्यंत मँगोला आतल्या खोलीत ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांत शिकवणी बंद, खिडक्या लावून मंद दिवा ठेवायचा, त्या आठवड्यात मागे गेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

किती दिवस लागतील? तुमच्या मँगोसारख्या, अजून सूचना देणाऱ्या पक्ष्याला काडी शिकायला काही दिवस, हातावर निर्धास्त यायला सहसा दोन-तीन महिने. काहींना वर्ष लागतं. काही पोपट कायम फांदीवरच येतात, हातावर नाही, आणि तरी घरात मजेत राहतात. अंगाखांद्यावर खेळणारा पक्षी हवाच असा हट्ट असेल तर आधी तो सोडा.

दुसरा पक्षी आत्ता नको. दोन कॉन्युअर एकमेकांचे झाले तर तुम्ही दोघांनाही परके व्हाल, नाही पटलं तर एकमेकांची बोटं तोडतील. चावणं तर तुमच्या हाताशी जोडलेलं आहे, सोबत्याने ते सुटत नाही. आणायचाच असेल तर मँगो तुमच्या हातावर आपणहून यायला लागल्यावर, स्वतंत्र पिंजऱ्यात, आणि आधी निदान तीस दिवस वेगळ्या खोलीत, डॉक्टरांनी तपासून. बिल घ्या. परदेशी पोपटांपैकी सन कॉन्युअरसारख्या जातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, मँगोची केली नसेल तर तीही बघून घ्या. आणि कुणी स्वस्तात ‘देशी पोपट’ देतो म्हणाला तर घेऊ नका. आपला हिरवा राघू असो की मोठ्या चोचीचा पहाडी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळणं, विकणं, विकत घेणं सगळं गुन्हा आहे, आणि बाजारातली ती पिल्लं बहुतेक झाडांच्या ढोल्यांतून काढलेली असतात.